नावं ठेवायची फेरी

"या रविवारी फेरी ठेवली आहे, अनंतराव," विनोदिनीताई फोनवर म्हणाल्या आणि जरा थांबल्या. "तुमच्याकडे नाही आलो तरी चालेल ना? पहिलंच वर्ष आहे. उगाच तुमच्या डोक्याले ताप कशाले."

अनंतराव भुसारींनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला. समोरच्या खिडकीतून बाग दिसत होती. ऊन कुंपणापर्यंत आलं होतं.

"या ना," ते म्हणाले.

"नक्की म्हणता?"

"हव. दरवर्षी येता तसे या. आठ घरं आहेत, आमचं गाळून सात काहून करता?"

"बरं, येतो," म्हणून विनोदिनीताईंनी फोन ठेवला. त्यांच्या आवाजात काळजी होती. गेले चार महिने भेटणाऱ्या प्रत्येकाच्या आवाजात ती असायची, आणि अनंतरावांना आता तिचं काही वाटेनासं झालं होतं.

फेरी असायची फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी. समता कॉलोनी आणि लगतच्या दोन गल्ल्यांतली बागवेडी मराठी माणसं सकाळी आठला निघत, आणि एकेकाची बाग पाहत पाहत जेवणवेळेला मोकळी होत. कोणी रेल्वेतलं, कोणी वीज मंडळातलं, कोणी बँकेतलं. नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडून नोकरीपायी आलेली आणि मग इथलीच झालेली ही मंडळी. एकेकाळी अकरा घरं होती. रायपूर राजधानी झालं आणि तीन वर्षांत तीन घरं गळाली. एकात कुठल्याशा नव्या खात्याचं कार्यालय आलं आणि गुलाबांच्या वाफ्यावर फरशी बसवून तिथे जीपा उभ्या राहू लागल्या. दुसरं पाडून चार मजले चढले. तिसऱ्या घरातलं जोडपं मुलाकडे पुण्याला गेलं, आणि तिथे गॅलरीत दोन कुंड्या ठेवून आहे म्हणतात.

या फेरीचा एक नियम होता. बाहेरच्याला सांगितला तर तो हसायचाच. कुणाच्याही बागेला चांगलं म्हणायचं नाही. पंधरा वर्षांपूर्वी कुणा पाहुण्यानं अनंतरावांच्या बायकोच्या, मंदाकिनीबाईंच्या, गुलाबाचं तोंडभरून कौतुक केलं आणि आठवड्याच्या आत ते झाड बुडापासून वाळलं. त्याला वाळवी लागली होती, हे अनंतरावांनी स्वतः पाहिलं होतं. पण बायको ऐकायला तयार नव्हती. नजर लागली म्हणजे लागली. तेव्हापासून ठरलं, की प्रत्येकानं प्रत्येक बागेत एक तरी खोट काढायची. नावं ठेवायची, चहा प्यायचा, मिळेल ते रोप घ्यायचं आणि पुढच्या घरी जायचं. नियम मंदाकिनीबाईंनी केला, म्हणून पहिली खोट काढायचा मान त्यांचा.

तो मान त्यांनी पुरेपूर वापरला. वीज मंडळातल्या दिवाकरांच्या पेटुनियापुढे उभ्या राहून त्या म्हणाल्या होत्या, "हे रंग कोणी निवडले? वरातीतले बँडवाले उभे केल्यावानी दिसून राहिले." शर्मिष्ठाबाई बँकेत मोठ्या हुद्द्यावर, चार माणसं त्यांच्यापुढे उभी राहायला घाबरत. पहिल्याच वर्षी सॅल्व्हियावरून त्यांना इतकं ऐकावं लागलं, की त्या स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात सॅल्व्हियाच्या बारा रोपांचा ट्रे होता. कोणी ठेवला हे मंदाकिनीबाई शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. अनंतराव या सगळ्यात मागे, हातात पिशवी घेऊन. मिळालेली रोपं त्या पिशवीत उभी ठेवायची, एवढंच त्यांचं काम. रेल्वेत पस्तीस वर्षं गुड्स क्लार्क म्हणून दुसऱ्यांचा माल सांभाळला होता, त्यात हेही सांभाळत.

गेल्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मंदाकिनीबाईंनी पुढच्या वाफ्यात फ्लॉक्सच्या फुलांचं बी पेरलं. चौथ्या दिवशी भेंडी चिरता चिरता त्या एका कुशीवर कलंडल्या, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेरावं झालं. मुलगा सचिन हैदराबादला परत गेला. रडू येईल म्हणून अनंतरावांनी काही दिवस वाट पाहिली. ते आलं नाही, मग वाट पाहणंही सुटलं. डबा देणारी माया एकदा भाजीत मीठ घालायला विसरली. दुसऱ्या दिवशी ती माफी मागायला आली, तेव्हा त्यांना ते कळलं. लोक म्हणत, मोठ्या धीराचे आहेत. धीर वगैरे काही नव्हता. आत काही हलतच नव्हतं.

बागेला पाणी कोणीतरी घालायला हवं, म्हणून ते घालू लागले. भैय्यालाल माळी यायचा, पण राजधानीनं त्यालाही नेलं. साहेब लोकांच्या नव्या बंगल्यांवर त्याला कायमचं काम लागलं. मग खुरपं हातात घेण्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही. अडलं की ते विनोदिनीताईंना फोन करत. डेलियाच्या बाजूच्या कळ्या खुडायच्या आणि एका दांडीवर एकच फूल ठेवायचं, हे त्यांनी फोनवरच शिकून घेतलं. पेटुनियावर पाइपनं पाणी मारलं आणि सगळ्या पाकळ्या डागाळल्या, हे मात्र कोणी न सांगता कळलं. माघात आठवडाभर आभाळ दाटून राहिलं, कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला, तेव्हा साबणाचं पाणी करून त्यांनी एकेक शेंडा धुतला.

जानेवारी संपता संपता त्यांच्या लक्षात आलं, की आपण एका गोष्टीची वाट पाहत आहोत. फेरीची. लोक येतील, वाफ्यांपाशी थांबतील आणि नावं ठेवतील. नावं ठेवली, म्हणजे बाग अजून चालू आहे. मग मंदाकिनीबाईंची बाग बंद पडली असं कोणाला म्हणता येणार नाही. चार महिन्यांत त्यांना दुसरं काहीही हवंसं वाटलं नव्हतं, आणि हे मात्र फार हवं होतं.

रविवारी ते पाचलाच उठले. गोल बाजारातून आदल्या दिवशी आणलेला चिवडा वाडग्यात काढून झाकून ठेवला. शेवंतीच्या बुडातून फुटलेली सात रोपं दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत मातीसकट भरून ओट्यावर मांडली. त्यांचं घर फेरीत चौथं. दहाच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी आवाज आले. दिवाकर काहीतरी सांगत होते आणि बाकीचे हसत होते. हसणं जवळ आलं. फाटकाला कोणाचा तरी हात लागला आणि ते थांबलं.

सातजण होते. विनोदिनीताई पुढे, सत्तरी गाठलेल्या, शाळेतून निवृत्त होऊनही पट्टी हातात असल्यासारख्या ताठ. मागे दिवाकर, शर्मिष्ठाबाई, इतर तिघं, आणि देशकरांची नवी सून रूपाली, जिचं फेरीतलं हे दुसरंच वर्ष होतं. सगळ्यांनी हात जोडले. अनंतरावांनीही जोडले.

"या, इकडून या," ते म्हणाले.

मंडळी एका रांगेत वाफ्यांमधून चालली. कुणी खाली वाकलं नाही, कुणी पान उलटून पाहिलं नाही. दवाखान्यात पेशंटला भेटायला आल्यासारखे सगळे हात मागे बांधून चालत होते.

"छान झालंय," दिवाकर म्हणाले.

अनंतरावांना वाटलं, सवय नसल्यानं चुकून बोलून गेले असतील.

"खूपच छान," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "डेलिया तर पाहत राहावं असा."

"अंकल, आपने अकेले किया ये सब?" रूपालीनं विचारलं. "बहुत सुंदर है, सच्ची."

"थंडी लवकर गेली यंदा," अनंतराव म्हणाले. "आणखी पंधरा दिवस राहती तर बरं होतं. आता हे ऊन काही टिकू देत नाही."

"नाही हो, मस्त आहे सगळं," दिवाकर म्हणाले.

मग अनंतराव पुढच्या वाफ्यापाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. "हा फ्लॉक्स," ते म्हणाले. "इथं या जरा."

सगळे आले. फ्लॉक्सची रोपं हलवलेली सोसत नाहीत. म्हणून बी जागेवरच टाकतात आणि चार पानं झाली की मधली रोपं उपटून बाकीच्यांना वाव देतात. या वाफ्यातलं एकही रोप कोणी उपटलं नव्हतं. मेथी पेरल्यासारखं सगळं दाटीनं वर आलं होतं. देठ दोऱ्यासारखे, फुलं नुसती टोकाला, आणि खालच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी भुरी. ज्यानं आयुष्यात एक कुंडी लावली असेल त्यालाही ही खोट दिसली असती. अनंतरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. विनोदिनीताईंची नजर खालच्या पानांवर गेली, तिथे थांबली आणि परत वर आली.

"रंग छान आहेत," त्या म्हणाल्या.

चहा झाला. चिवडा कोणी फारसा घेतला नाही. दिवाकर कप ठेवत म्हणाले, "मंदाताई असत्या तर खूश झाल्या असत्या." हे साफ खोटं होतं. त्या वाफ्यापुढे मंदाकिनीबाई एक मिनिटसुद्धा गप्प राहिल्या नसत्या, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी माना हलवल्या.

"ही शेवंती आहे, एकेक घ्या," अनंतराव म्हणाले.

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं.

"राहू द्या," शर्मिष्ठाबाई हळूच म्हणाल्या. "त्यांच्या हातची आहे. तुमच्याकडंच असू द्या."

"दरवर्षी नेता."

"ते वेगळं होतं."

कोणीच पिशवी उचलली नाही. सगळे उठले. सगळ्या फेरीत मिळून पंधरा वर्षांत जेवढं कौतुक झालं नसेल तेवढं अर्ध्या तासात झालं होतं. अनंतरावांना राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. एवढंच कळलं, की आपलं घर फेरीतून गळालं. त्या कार्यालयासारखं आणि त्या चार मजल्यांसारखं. आजची ही फेरी नव्हती, भेटायला आले होते.

"तुम्ही आराम करा," विनोदिनीताई फाटकाशी म्हणाल्या.

अनंतरावांनी चपला घातल्या आणि खुंटीवरची पिशवी घेतली. "येतो ना मी. पुढची घरं राहिली."

पाचवं घर विनोदिनीताईंचंच. त्या एकट्याच राहत, आणि बाग शाळेच्या वर्गासारखी ठेवत: उंच मागे, ठेंगणे पुढे, कोणी रांग मोडायची नाही. दारापासून ओसरीपर्यंत दोन्ही बाजूंना पेटुनियाच्या कुंड्या होत्या, गुलाबी आणि जांभळ्या. मंडळी आत येऊन थांबली.

"चला, कोण सुरुवात करते?" दिवाकर म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली.

पहिली खोट कोणाची असायची, ते सगळ्यांना आठवलं. रूपाली पदराशी चाळा करू लागली. विनोदिनीताई स्वतःच्याच कुंड्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. दरवर्षी या जागी मंदाकिनीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, आणि विनोदिनीताई वरवर हसत, पण आतून घाबरलेल्या असायच्या.

अनंतराव सगळ्यांच्या मागे, पिशवी घेऊन होते. ते पुढे आले. एका कुंडीपाशी वाकले, एक फूल बोटानं वर केलं.

"पाइपनं वरून पाणी मारलं तुम्ही," ते म्हणाले. "पाकळ्या डागाळल्या. पेटुनियाले बुडाशी द्यावं लागते, झारीनं."

इतक्या वर्षांत या माणसानं फेरीत चकार शब्द काढला नव्हता.

"बोअरचं पाणी अर्धा तास येते," विनोदिनीताई म्हणाल्या. "झारी भरत बसू तं मागचे वाफे कोरडे राहतात."

"मग कुंड्या कमी करा."

विनोदिनीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या.

"आता मी बोलू?"

"बोला."

"तुमच्या बागेचं बोलून राहिले मी."

"हव. बोला ना."

"फ्लॉक्सचा सत्यानाश केला तुम्ही, अनंतराव. विरळ काहून नाही केला? मी फोनवर सांगितलं होतं ना, चार पानं झाली की मधले उपटा म्हणून? तुम्ही हव म्हटलं होतं."

"म्हटलं होतं."

"मग?"

"उपटवले नाही." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तिनं पेरले होते. वर आले तेव्हा ती नव्हती. कोणता ठेवू अन् कोणता फेकू, समजेना मले."

शर्मिष्ठाबाईंनी तोंड फिरवलं. विनोदिनीताईंचा आवाज मात्र तसाच राहिला, वर्गात गणित समजावतानाचा.

"मंदा असती तं तिनं निम्मे उपटून कुंपणाबाहेर फेकले असते. अन् मागं वळून पाहिलं नसतं."

"हव," अनंतराव म्हणाले. "फेकले असते."

"मग मघाशी काहून नाही बोललो आम्ही?" विनोदिनीताईंनी जणू स्वतःलाच विचारलं, आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून पदरानं पुसला.

यानंतर दिवाकरांना कंठ फुटला. तुमच्या डेलियाच्या काठ्या फार जाड आहेत, फुलाआधी काठीच दिसते. शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, कॅलेंडुलाची सुकलेली फुलं खुडत नाही तुम्ही, म्हणून नवीन कळ्या येत नाहीत. रूपाली म्हणाली, "अंकल, वो पैंज़ी को आपने पूरे दिन छाँव में रखा है. आंटी ने मुझे इसी बात पे डाँटा था." अनंतराव प्रत्येकाला हव म्हणत गेले. मग विनोदिनीताईंच्या पेटुनियावर सगळे तुटून पडले, आणि फेरी पुढच्या घरी गेली.

ते दीडच्या सुमाराला परत आले. शेवटच्या घरून निघताना काहीजण अनंतरावांच्या फाटकातून आत वळले होते आणि ओट्यावरच्या शेवंतीच्या पिशव्या घेऊन गेले होते. दोन राहिल्या होत्या. अनंतरावांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले, झाकून ठेवला आणि बाहेर आले. ऊन चांगलंच लागत होतं. होळीपर्यंत हे सगळं करपून जाणार होतं.

ते फ्लॉक्सच्या वाफ्यापाशी उकिडवे बसले. फुलं आलेली रोपं उपटून आता काही उपयोग नव्हता. उरलेली काही जाड होणार नव्हती की पसरणार नव्हती. एवढं ते शिकले होते. त्यांनी रोपं हातानं बाजूला करून खाली पाहिलं. एकेका बोटाच्या जागेत सात-आठ देठ उभे होते. बी चिमटीनं टाकलेलंच नव्हतं, मूठ उघडून सोडलं होतं. घाईत असेल. की मागून विरळ करायचंच आहे म्हणून असेल. ते बराच वेळ बघत राहिले आणि त्यांना राग आला. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे.

"एवढं दाट पेरतात का, मंदा?" ते मोठ्यानं म्हणाले.

अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्या बागेला एकदाही नाव ठेवलं नव्हतं. शब्द तोंडातून गेल्यावर ते थांबले. अशा वेळी ती लगेच उलटून बोलत असे, आणि मग चार दिवस त्यावरून टोमणे चालत. कुंपणापलीकडून एक गाडी गेली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा हात मातीचे होते, म्हणून त्यांनी ते बाहीनं पुसलं आणि येऊ दिलं.

मग त्यांनी एक रोप बुडाशी धरून ओढलं. मुळं उथळ होती, लगेच आलं. गुलाबी फूल, मधे पांढरा डोळा. ते त्यांनी शेजारी जमिनीवर ठेवलं, आणि त्याच्या बाजूचं धरलं.